लॉट ११४७

चार ओले कागद, प्रत्येकात शंभर बिया.
आठव्या दिवशी खरातबाई गुंडाळी उलगडतात
आणि चिमट्यानं कोंब मोजतात,
आकडे ओठांतल्या ओठांत,
जणू मोठ्यानं म्हटलं तर एखादा कमी होईल.
एकाहत्तर. अडुसष्ट. सत्तर. एकोणसत्तर.
मागच्या खुर्चीवर मी.
माझी स्क्रिप्ट चौघांना एकाच नावात कोंबते:
उगवण.

जालन्याची एमआयडीसी. रात्रपाळीला
शेजारच्या भट्टीचा तांबूस उजेड
प्रयोगशाळेच्या काचेवर येऊन बसतो.
तिकडं लोखंड, इकडं सोयाबीन.

परवा ऑडिटला बारहाते साहेब आले.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
अहवालात सत्तर आहे. सत्तर कुठून आले?
स्क्रिप्टमधून, सर.
आणि स्क्रिप्टमध्ये कुठून आले?

मी स्क्रीनकडं बघत राहिलो.
व्हेरिएबल म्हणजे टपरीवरचा ग्लास,
नवा चहा ओतला
की आधी कुणी काय प्यालं ते सांगत नाही.
सगळे एकाच बादलीत विसळलेले.

खरातबाई न विचारता उठल्या,
कपाटातून रजिस्टर काढलं, पान चोपन्न.
सदुसष्टवर एक आडवी रेघ,
शेजारी अडुसष्ट, खाली सही, तारीख.
रेघेखालचा सदुसष्ट लख्ख वाचता येत होता.
"एक कोंब कागदाच्या घडीत व्हता, मागून घावला.
पैल्याच दिवशी मला मॅडमनं सांगितलं,
खोडा, पन गिरगटू नका."

त्या रात्री मी स्क्रिप्टला बोलायला लावलं.
प्रत्येक पायरीला थांब,
हातात काय आहे ते लिही, मग पुढं जा.

     लॉट ११४७. वाचले ७१, ६८, ७०, ६९.
     बेरीज २७८.
     सरासरी ६९.५
     पूर्णांकात ७०.
     मर्यादा ७०. निकाल पास.
     वेळ ०२:०७. चालवणारा: रमाकांत घुगे.

तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मधे
मी बराच वेळ अडकून पडलो.
अर्धा टक्का.
चारशेमधल्या दोन बिया.
कागदावर न उगवलेल्या दोन बिया
माझ्या स्क्रिप्टमध्ये उगवल्या होत्या.

सकाळी बारहाते साहेबांनी वाचलं, मान डोलावली.
नियमात बसतं. अर्धा आला की वर.
फक्त दिसलं पाहिजे.
आता दिसतंय.
पण त्याआधीच्या तीन हंगामांचं काय,
सोळाशे लॉट, नुसते निकाल,
त्यांतल्या कितींना असा हात दिला असेल
ते मलाही सांगता येणार नाही,
आणि चालवणारा तेव्हाही मीच होतो.

मॅनेजर म्हणतात, डिस्क भरायली,
कशाला एवढं लिहायलास?
मी हो म्हणतो, आणि लिहितो.

दुपारी खरातबाई ओल्या हातानं स्क्रीनपाशी आल्या,
पदराला हात पुसले,
ओळीओळीवर बोट फिरवत शेवटापर्यंत गेल्या.
"तुमचं नाव हाय. माझं कुठाय?"
मी एक व्हेरिएबल वाढवला.
     मोजणारी: केवळाबाई खरात.
त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.
मग बोट वर नेऊन अडुसष्टवर ठेवलं,
काचेवर पाण्याचा ठिपका उमटला.

"आन माझा खोडलेला सदुसष्ट?"