क्रियापद मधे येतं

वडगावात, सायझिंगच्या कारखान्यामागं
फिलोमिना टीचरचा क्लास, साडेसात ते साडेआठ.
माग थांबले तरी कानात खटखट चालूच असते,
म्हणून पहिले आठ दिवस
आम्ही नुसतं ओरडत होतो:
आय अ‍ॅम. यू आर. शी ईज.

माझ्या बाकावर नीलव्वा हुद्दार.
ती घरी कानडी, मी घरी मराठी,
कांड्या भरताना दोन्ही.
टीचरनं विचारलं, रात्री काय खाता?
मी म्हटलं, आय राइस ईट.
ती म्हणाली, आय रोट्टी ईट.
टीचरनं दोघींची क्रियापदं खडूनं उचलली
आणि मधे आणून ठेवली,
दारात घुटमळणाऱ्या पाहुण्याला
दंडाला धरून पंगतीत बसवावं तशी.

आम्ही एकमेकींकडं बघितलं.
म्हणजे तुमच्यातबी शेवटालाच?
शेवटालाच की. ना रोट्टी तिंतेनि.

चौकातल्या पाटीवर
कुठली अक्षरं वर, कुठली खाली
यावरून माझ्या दिरानं दोनदा लाठी खाल्ली,
तिच्या भावानं एकदा डांबर फासलं.
इथं चूक दोघींची एकच.

'अ' आणि 'द' अजून जमत नाही.
कुठलीही एक साडी ती अ साडी, टीचर सांगते,
तुला मला ठाऊक असलेली ती द.
मग मी विणते ती कुठली?
कुणाच्या अंगावर जाणार, मला कुठं ठाऊक?
अ, म्हणाली टीचर.
काठ चुकला की मालक बरोबर ओळखतो,
नीलव्वा म्हणाली, तेव्हा द.

पुण्यात दिलेली नणंद हसते मला,
मी येतो, मी जातो म्हणते म्हणून.
इथल्या बायका असंच म्हणतात.
मी काय करुलालो? आय अ‍ॅम लर्निंग.
ह्या आयला बाई नाही, बाप्या नाही.
तिला फोनवर सांगायचं राहिलंय.

काल अडलं ते 'वी'वर.
आम्ही की आपण, मी विचारलं.
दोन्हीला वीच.
आमच्यातबी एकच, नावु, नीलव्वा म्हणाली.
मी वहीत लिहिलं, वी आर
आणि हात थांबला.
आम्ही धरलं तर ही बाहेर बसते,
आपण धरलं तर दीर विचारणार, कोण कोण?
खडू संपला होता, टीचर पर्समध्ये शोधत होती.
मी नुसती तीन टिंबं दिली.
नीलव्वानं मान वाकडी करून माझी वही बघितली
आणि सगळं उतरवून घेतलं,
टिंबांसकट.