दुसरा दोर

बर्फाच्या कारखान्यावरची खोली.
खालून यंत्राची घरघर, भिंतींना मीठ फुटलेलं,
आणि रवळू गिरप टेबलावर, लुंगी गुडघ्यावर सारून
विचारतो, सरळ माझ्या डोळ्यांत बघत:
"खांदो दुखता उजवो,
नि सुयो डाव्या पायात कित्याक?"

प्रश्न बरोबर आहे.
मीही विचारला होता, पंचवीस वर्षांमागे,
कोल्हापुरात, एका जिन्याखालच्या वर्गात.
सरांनी उत्तर दिलं नव्हतं.
फळ्यावर एक माणूस काढला, तोंड नसलेला,
आणि त्याच्या अंगावरचे ठिपके जोडत राहिले:
हाताचा पायाशी, पोटाचा पाठीशी,
डाव्याचा उजव्याशी, वरच्याचा पार तळाशी.
"एकेक बिंदू कुणालाही पाठ होतो," म्हणाले,
"पंगतीत कुणाशेजारी कुणाला बसवायचं
ते येतं, नाहीतर जन्मभर येत नाही."

नडगीच्या बाहेरून, गुडघा नि घोटा यांच्या मध्यावर
एक जागा आहे. तिच्या चिनी नावाचा अर्थ
अरुंद मुख.
मला तिथे दरवेळी मोचेमाडची खाडी दिसते,
वाळूने दाबत आणलेली,
ओहोटीला एक होडी जेमतेम सुटेल एवढी.
सुई आत जाते. थांबते मी. फिरवते, जराशी.
रवळूच्या भुवया जुळतात.
"लागलो."
काय लागलं?
"मासो. गरीक लागता तसो.
अजून ओढूक नाय, नुसतो चाखता."

वहीत या संवेदनेसाठी पाच शब्द होते माझ्याकडे:
जड, सुन्न, ताण, मुंग्या, ऊब.
पाचही खोडले.

"आता हात वर घ्या."
"दुखतला."
"दुखू दे. पाय त्याचं काम करतोय."
हात निघाला, छातीशी अडला, विचार केला त्याने,
मग कानापर्यंत. टोपी घालता येईल इतका.

पुढच्या खेपेला अंगठ्याच्या बेचक्यात, दोन्ही हातांना,
आणि दोन्ही पावलांवर, पहिल्या बोटांच्या फटीत.
चार दारं म्हणतात याला, मी सांगितलं.
तो छताकडे बघत पडून होता.
"म्हणजे रापणच ही," म्हणाला.
"एक दोर ह्या अंगाक, एक त्या अंगाक.
एकानच ओढल्यान तर जाळा वाकडा येता
नि मासो हसत जाता."

सात बैठका झाल्या. हात कानाच्या वर जाईना.
मी बिंदू बदलले. पुढचे मागे नेले,
दोन काढले, एक घातला, पुन्हा काढला.
रात्री वही उघडून बसले, खाली बर्फ फोडत होते.
आठव्या दिवशी, सुया काढता काढता,
सहज विचारलं: दोरावर किती जण असता?
"आमच्या दोरार सात. पलीकडे तीन.
पोरा मोठ्या बोटीर गेली.
म्हणान मिया हयसून सुटलंय की धावत थय जातंय."

रविवारी पहाटे मी वेंगुर्ल्याच्या वाळूत उतरले.
कुणी काही म्हणालं नाही. पलीकडच्या दोरावर चौथी.
दोर काथ्याचा नाही आता, नायलॉनचा,
ओला, तळव्यात कापत जाणारा.
ताल जमेना. टाचा रोवायच्या, मागे झुकायचं,
आणि बघायचं आपल्या हातांकडे नाही,
दूर, त्या सात जणांकडे,
जिथे रवळू आज एकाच जागी उभा होता.
दीड तासाने जाळं वर आलं:
थोडी तारली, टोपलीभर बांगडे,
आणि डाव्या पायाची एक चप्पल.

सोमवारी माझाच खांदा धरला.
तो ठरल्या वेळी आला. मी खुर्चीत वाकडी.
न विचारता खाली बसला, माझ्या नडगीवर
अंगठा रोवून दाबत राहिला, उजव्याच हाताने.
जागा चुकली होती, चांगली दोन बोटं खाली.
मी सांगितलं नाही.