फाट्यावरची मोजणी

दोन दिवसांचे नऊशे रुपये आणि दुपारचा डबा,
असं ठरलं होतं. डबा आला नाही.
बोरझरी फाट्यावर, बाभळीच्या चाळणीसारख्या सावलीत
प्लास्टिकची खुर्ची, मांडीवर पॅड,
दर पंधरा मिनिटांनी नवा रकाना.

मोटारसायकल. मोटारसायकल. ट्रॅक्टर. काळीपिवळी.
चार काड्या उभ्या, पाचवी आडवी,
की एक फाटक बंद.
खडतकर साहेबांनी बजावलं होतं,
दिसेल ते लिहायचं, मनचं काही नाही.
तीस वर्षांनंतरचा रस्ता
या काड्यांवर उभा राहणार आहे.
मी शिसपेन्सिल जरा दाबून धरली.

सात ते नऊ, शहराकडे: एकशे बेचाळीस.
त्यातले निम्मे मला नावानं ठाऊक.
रोशन सोनटक्के आणि त्याचे दोन मेहुणे
एका गाडीवर, एक काडी.
एकटा दूधवाला तीनदा गेला, तीन काड्या झाला.

दहाच्या सुमारास दुर्पताबाई ठवकर
पदराची चुंबळ सोडत येऊन उभी.
"काय लिहून राह्यला रे बापू?"
"जाणारे-येणारे मोजून राह्यलो, मावशी."
"मंग मले लिही."
"तू कुठी चालली?"
"कुठीच नाही. मेडिकलात बोलावलं होतं डोळ्यासाठी.
येष्टी बंद झाली तवापासून
जाणं राहूनच गेलं. थे लिही."

मी रकाने पुन्हा पाहिले.
मग पान उलटलं, कोऱ्या बाजूला लिहिलं:
मेडिकल, डोळा, एक.

ती गेली, आणि एकेकाला पाठवत राहिली.
यादोरावची नात, अकरावी सायन्स, दिवाळीपर्यंतच.
तुळसाची दोन पोती वांगी,
मार्केट न बघता दारातच विकली गेलेली.
कवडू मिस्त्रीचं लेकीकडचं रात्रीचं जेवण,
कारण परतीची शेवटची गाडी साडेपाचला.
(हे लिहू का, विचारलं. म्हणाला, लिही ना,
मटण होतं.)
चार उभ्या, पाचवी आडवी.
पानाची पाठ
पुढच्या बाजूआधी भरली.

दोन महिन्यांनी तालुक्याच्या सभागृहात बैठक.
ग्रामपंचायत म्हणाली, रस्ता जिल्हा परिषदेचा.
जिल्हा परिषद म्हणाली, पूल बांधकाम खात्याचा.
नगर परिषद म्हणाली, आमची हद्द नाल्याच्या अलीकडे.
प्राधिकरणवाले म्हणाले, हा नुसता मसुदा,
हरकती लेखी द्या, तीन प्रतींत.
पडद्यावर शहर लालभडक, सुजल्यासारखं,
आणि जाड रेघा साऱ्या त्याच्याचकडे वळलेल्या.
बोरझरीहून धामणझरीला जाणारी
एकही नाही, जिथे आमचे निम्मे सोयरे,
आठवडी बाजार, आणि जनावरांचा डॉक्टर.

आमचा फाटा: बिंदू चारशे सतरा.
तिथून निघालेली जांभळी तुटक रेघ,
कोपऱ्यात अर्थ दिलेला: प्रस्तावित.
सरपंच मनोरमाताई उठल्या. माईक चालत नव्हता.
"साहेब, ही तुटक रेघ आहे ना,
तिच्यातल्या मोकळ्या जागी आम्ही राहतो."
कोणी हसलं. तेवढ्यात चहा आला.

खडतकर साहेबांनी मला खांबाआड बोलावलं.
हातात माझीच पानं, उलटी.
"हे काय आहे?"
"न झालेले प्रवास."
"याला आपल्याकडे कोड नाही."
म्हणाले खरे, पण बोट ठेवून मोजत गेले,
ओठ हलत होते. एक्कावन्न.
"ही डोळेवाली बाई, हिचं पुढे काय झालं?"
"मोतीबिंदू पिकला, साहेब.
आता ती गाड्या आवाजावरून ओळखते.
बसल्या बसल्या मोजते बी. माझ्यापेक्षा बरोबर."

ते काही बोलले नाहीत.
खिशातून टाचणी काढली,
पानं मसुद्याला लावू लागले.
मसुदा जाड होता.
टाचणी दोनदा वाकली.