हातचा एक

आमचं गोदाम म्हणजे जुनं बटाटाघर,
निम्मं टेकडीच्या पोटात, निम्मं बर्फात.
वडील इथेच बटाटे निवडायचे:
मोठे शहराला, मध्यम कारखान्याला,
वेडेवाकडे आमच्या घरी.
आता वेडेवाकडेच येतात इथे, ट्रक भरभरून,
आणि निवडते मी.

मेन राज्याचं हे अगदी वरचं टोक.
पलीकडे नदी, नदीपलीकडे कॅनडा.
बाहेर उणे सव्वीस.
पहाटे चारला ज्यानीन ट्रकचं इंजिन तापवत बसते,
शिव्या फ्रेंचमध्ये, प्रार्थनाही फ्रेंचमध्ये,
बाकी सगळं इंग्रजीत.

डब्यांचा नियम सोपा आहे.
पोटावर पोचा असेल तर चालतो,
शिवणीवर असेल तर फेकायचा.
डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळतं.

बँक म्हणतात आम्हाला.
खातं कुणाचंच नाही, व्याज नाही,
बुडीत तेवढं किलोकिलोनं लिहून ठेवायचं.
काल दुपारी दुकानातून फोन: नऊशे किलो दही, घेता का?
दह्याला परवापर्यंतचं आयुष्य
आणि माझ्याकडे सात नंबर.
शाळा घेते दोनशे. वृद्धाश्रम साठ.
पाद्री म्हणतात, फ्रीज भरलाय, पण पायऱ्यांवर ठेवा,
देवानं बाहेर केवढा फ्रीज उघडून ठेवलाय!

गुरुवारी अग्निशमन केंद्रात वाटप.
लाल बंब बाहेर बर्फात उभा राहतो
आणि त्याच्या जागी टेबलं लागतात.
लोक गाड्या मागच्या बाजूला लावतात.
इथे माणूस चेहऱ्याआधी गाडीवरून ओळखतात.
कागद गिरणीची दुसरी पाळी बंद झाल्यापासून
मागची बाजूही पुरत नाही.
हीटरचं तेल भरलं की ताट रिकामं,
ताट भरलं की नळ गोठतो;
असा हिशेब करून आलेल्या बाईला
मी फक्त विचारते, गाजरं चालतील ना?

फॉर्मवर एकच खरा प्रश्न: घरात माणसं किती?
अल्सीद पेल्तिएनं लिहिलं, दोन.
लेओना डिसेंबरात गेली. मी होते तिच्या मयताला,
दुसऱ्या रांगेत, ओल्या बुटांनी.
पण जमीन गोठली की इथे पुरत नाहीत.
चर्चमागच्या दगडी कोठीत
ती थांबली आहे, मे महिन्यापर्यंत.
म्हणजे दोन हे अगदीच खोटं नाही,
असं मी मला सांगितलं
आणि दोघांची खोकी दिली.
तीन आठवडे.

चौथ्या गुरुवारी ज्यानीन परतताना म्हणाली,
तुझा अल्सीद हॅस्किन्सच्या ओसरीवर खोकं ठेवतो.
दार वाजवत नाही. गाडीचे दिवेही विझवतो.

लोवेल हॅस्किन्स. ओंडक्यांच्या ट्रकखाली पाय गेलेला.
शरद ऋतूत मी स्वतः फॉर्म घेऊन गेले होते,
त्यानं तो घडी घालून परत दिला:
गरजवंतांना द्या.
आत शिजण्याचा कसलाच वास नव्हता.

लहानपणी याच बटाटाघरात
वडील पोत्यावर खडूनं बेरीज शिकवायचे:
आठ आणि पाच, तेरा.
तीन खाली लिही, एक हातचा.
तो कुठे जातो, मी विचारायचे.
शेजारच्या घरात, ते म्हणायचे.

महिनाअखेर दक्षिणेतल्या मुख्य कार्यालयातून
तपासनीस आला. तरुण, पातळ मोजे घातलेला.
किलो जुळले. खोकी जुळली. माणसं जुळली.
पेल्तिएच्या ओळीवर त्याचं बोट क्षणभर थांबलं,
की मलाच तसं वाटलं,
आणि पुढे सरकलं.
जाताना मी त्याला लोकरीचे मोजे दिले,
ते कुठल्याच वहीत नाहीत.

मे महिन्यात जमीन मऊ होईल.
तेव्हा अल्सीद काय लिहील, कोण जाणे.
आज गुरुवार. तो टोपी काढतो, कान लालबुंद.
मी फॉर्म पुढे सरकवते, पेन देते.
शाई उतरत नाही थंडीत.
तो पेनाच्या टोकाला तोंडाची वाफ देतो,
एकदा, पुन्हा एकदा,
आणि मी तोवर
बटाट्यांकडे बघत राहते.