छाट

अम्मा गेली त्या पहाटे
पत्र्याच्या डब्यात, तेंदूपानांच्या वासात
एक वही सापडली.
अक्षरं तेलुगू, शब्द मराठी.
मला जोडून जोडून वाचावी लागली.

पहिल्या पानावर बांबू, सुतळी, मडकं, गोवऱ्या,
पुढं भाव. चार दुकानांचे, चार तारखांचे.
म्हणजे ही बाई
मागच्या दिवाळीआधी
साखर पेठेपासून अशोक चौकापर्यंत
गुडघे धरत चालत गेली होती,
दारोदार विचारत, तिरडीचं सामान कितीला?
कुणीतरी विचारलंच असणार, कोण गेलं?
"अजून कुणी नाही," म्हणाली असेल.
तिचा आवाज मला ठाऊक आहे.

दुसऱ्या पानावर एकच ओळ, दोनदा गिरवलेली:
दवाखान्यानं अडवलं तर म्हणायचं,
बिल वेगळं, मी वेगळी.

अडवलंच.
आधी राहिलेले अठरा हजार, मग बॉडी,
असं काउंटरवरचं पोरगं म्हणालं, मोबाइलमधून मान वर न काढता.
मी वहीवर बोट ठेवलं, शाळेत धडा वाचतात तसं,
बिल वेगळं. ती वेगळी.
कशाचे किती ते ओळीनं लिहून द्या, भरू आम्ही.
पण तिला ठेवून घ्यायचा हक्क
कुठल्या कागदावर आहे, तो दाखवा.
ते आत गेलं. पंखा फिरत राहिला.
कागद काही आला नाही.
अम्मा आली.

बाहेर गाडीवाला, पाच किलोमीटरचे साडेतीन हजार.
"ताई, अशा वेळी कुणी भाव करतं का?"
हे वाक्य तिसऱ्या पानावर होतं,
जसंच्या तसं,
आणि त्याखाली: करतं. आधी पालिकेच्या गाडीला फोन कर.

कापड आणलं तेव्हा राजमल्लूमामानं
चिमटीत धरून उन्हाकडं केलं.
चाळीस वर्षं लूमवर गेलेली बोटं.
"भाव चाळीस काउंटचा लावलाय,
सूत विसाचं आहे.
सोलापुरात, आम्हाला?"
आणि मग तो रडला,
कापडासाठी की बहिणीसाठी, विचारलं नाही.
बदलून आणलं.

श्रीहरी म्हणाला, अक्का, पुरे कर,
लोक काय म्हणतील, आईच्या मयताला पैसे मोजते.
मी त्याला काय सांगू.
तो पुण्याला गेला तेव्हा लहान होता.
त्यानं नाही बघितलं, कारखान्यात
सुपातल्या हजार बिड्या टेबलावर ठेवून ती उभी राहायची
आणि चेकर मूठभर उचलून बाजूला टाकायचा, छाट.
का छाट? उत्तर नाही.
त्या मुठीचे पैसे नाहीत, पान तिचं, दोरा तिचा,
आणि बाजूला टाकलेली बिडीही कुणीतरी ओढतच असणार.
रोज एक मूठ.
तेव्हा लोक काही म्हणाले नाहीत.
एकदा तिनं विचारलं, छाट लिहून देता का, किती, कशासाठी.
आठ दिवस काम बंद.
नवव्या दिवशी परत गेली, परत विचारलं.

शेवटच्या पानावर सामान नव्हतं.
उरलेल्यात दोघांनी भांडायचं नाही,
श्रीहरीच्या पोरीची फी भरायची,
आणि बिल घ्यायचं. बिल घ्यायचंच.

राख सावडून आल्यावर
होटगीकराच्या दुकानाचं बिल पुन्हा वाचलं.
मडक्याचे साठ लावायचे राहून गेले होते.
गेले परत.
"राहू द्या हो, ताई."
नको, लावून घ्या. जास्त नको, कमी पण नको.
आणि वर नाव लिहा.
"कुणाचं?"
गिऱ्हाइकाचं. भूदेवी मल्लय्या गाजूल.

त्यानं पेन थांबवलं.
"बुटक्या? हातात कापडी पिशवी?
आल्या होत्या की दिवाळीआधी.
सगळी मडकी वाजवून बघितली,
एक बाजूला काढून ठेवलं,
म्हणाल्या, हे छाट."