खाली म्हटलं की खाली

पट्टे ओढा. श्वास घेता आला पाहिजे, पण तेवढाच.
वल्ह्याची मूठ सोडू नका,
सुटलेली मूठ शेजाऱ्याचे दात पाडते.
मी ‘पुढे’ म्हटलं की पुढे,
आणि ‘खाली’ म्हटलं की विचारायचं नाही, खाली.

मी एदिल्मा.
हे आईनं ठेवलेलं नाव. मधली एकोणीस वर्षं दुसरं होतं,
ते जेवणानंतर विचारा.

काकेताची ही नदी मला पाठ आहे, रात्रीची.
दिवसा तिचं पाणी हिरवं असतं
हे मला चाळिशीत कळलं, तुमच्यासारख्यांना नेता नेता.
त्या वळणावर बगळे बसतात.
तिथूनच ओविदियोला पाठीवर घेऊन पार केलं होतं;
पलीकडे उतरवला तेव्हा तो जड झाला होता.
माहितीपत्रकात फक्त बगळे आहेत.

बोगोताची मुलगी विचारते, भीती नाही वाटत?
ती पाण्याबद्दल विचारते.
मीही पाण्याबद्दलच सांगते.

मागे डावीकडे एक साठीचे गृहस्थ. फोटो काढत नाहीत.
वरच्या सपाट कड्याकडे बघतात,
जिथे सैन्याची चौकी होती.
आता गवत आहे, आणि कुणाची तरी गाय.

धार आली. मी ओरडले, “खाली!”
बाकीचे हसत, किंचाळत अर्धेमुर्धे वाकले.
पुरते खाली गेलो आम्ही दोघंच,
ते, आणि सुकाणू सोडून मी.
रबराच्या वासात, तळाशी,
आमचे डोळे एकाच उंचीवर.
होडीनं स्वतःभोवती एक गिरकी घेतली.
लोकांना वाटलं, तिकिटातच आहे.

जेवायला माशाचं सार, उकडलेला कसावा.
त्यांनी मीठ मागितलं. दुसरं नाव कुणी विचारलं नाही.
निघताना त्यांनी नोटा जास्त दिल्या.
मी मोजल्या, वरच्या परत केल्या,
म्हटलं, दर फळ्यावर लिहिलाय.
त्यांनी सबंध फळा वाचला, अगदी मुलांच्या सवलतीपर्यंत.
मग आपलं ताट स्वतः विसळून पालथं घातलं.

गाडी गेल्यावर मी जॅकेटं दोरीवर टाकते.
बारा, नारिंगी.
पूर्वी ओला रुमालसुद्धा उघड्यावर वाळत घालायचा नसे,
विमानातून दिसतो म्हणून.
अजून चिमटा लावताना मी एकदा वर बघते.
ढग आहेत.
उद्यापर्यंत काही वाळत नाहीत ही.