पंच्याऐंशीची लेन्स

खोली एवढीशी, आणि लेन्स पंच्याऐंशीची.
मागं सरत सरत मी उंबऱ्यावर आले,
तरी त्सिआलामावशींची हनुवटी मावेना.
मग बाहेरच गेले. मेस्तियाचा बर्फ घोट्यापर्यंत,
पाठीवर वारा,
दाराच्या चौकटीत तेवढाच एक चेहरा.

"थडग्यासाठी हवाय," हे आधीच बजावलं होतं.
मुर्मान तिथं एकतीस वर्षं एकटाच कोरलेला,
एक्केचाळीसचा, काळ्याभोर मिशांचा,
उजवीकडचा अर्धा दगड कोरा ठेवून.
"त्याला शोभेन अशी काढ.
लोक म्हणायला नकोत, आईला घेऊन निजलाय."

मी अ‍ॅपर्चर सताड उघडलं.
मागची भिंत विरघळली, चूल गेली,
टांगलेली लसणाची माळ नुसता पांढरा धूर.
कानसुद्धा गेले.
वय मात्र जागचं हललं नाही:
डाव्या डोळ्याखालची एकेक रेघ
नांगरल्यासारखी.

दाबलं.
"काढ की," त्या म्हणाल्या.
"काढला."
"मग आवाज कुठंय?"
आत आरसाच नाही मावशी,
आपटायला काही उरलेलं नाही...
पटेना. असे फसवून पैसे नेणारे
पाहिलेत म्हणे पुष्कळ.
शेवटी दर खेपेला त्यांनीच जिभेनं वाजवलं,
टक्.

परवा झुगदीदीहून पाथरवटाचा फोन.
फोटो झकास, म्हणाला, पण ओठ असे का?
काय सांगतेय ही बाई नवऱ्याला?

आहेत तसेच कोर, म्हटलं.
तुझ्या छिन्नीला तरी आवाज आहे.